सावलीतला पारा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि दोन दिवस विदर्भात दुसरा विषय नव्हता. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. दोन्ही आकडे टिकले नाहीत. मुंगेशपूरच्या यंत्रात तीन अंशांची चूक निघाली, नागपूरच्या यंत्राचा संवेदक बिघडलेला होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. कॉलेजला सुट्टी होती, मी घरीच होतो. पेपरातला खुलासा मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा आजी दाराशी बसून डाळ निवडत होती. तिने विचारले, "थे यंत्र ठेवते कुठी, बापू?" मी सांगितले, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवतात. ती म्हणाली, "सावलीत बसून त्याले उन्हाचं काय समजते?"

मी इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. अशा घरातल्या शिकलेल्या मुलाने म्हातारीला समजावून सांगायचे असते, तसे मी समजावले. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे तापमान सांगत नाही. तो स्वतःच तापतो आणि स्वतःचेच तापमान सांगतो. काच किती जाड, रंग कोणता, वारा किती, यावर त्याचा आकडा बदलतो. मग नागपूरचा आकडा मुंबईच्या आकड्याशी ताडून कसा पाहायचा? हे सगळे खरे आहे. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी बी थेच म्हणतो. आमी बी उन्हात सोताच तपतो न."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे लिखाण त्या वाक्यामुळे झाले आहे. ज्याला आपण 'दिवसाचे कमाल तापमान' म्हणतो तो आकडा कोणाचा, कोणी, कोणासाठी नोंदवला, आणि त्याच्या बाहेर कोण राहिले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायला हरकत नसावी.

आमचा तालुका केळापूर. पण कचेरी, बाजार, कॉलेज सगळे पांढरकवड्यात. केळापूर हे गाव जगदंबेच्या देवळासाठी लोकांना ठाऊक आहे आणि बाकी सरकारी कागदावर तालुक्याचे नाव म्हणून जगते. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर. जंगलाच्या कडेने कोलामांचे पोड. उन्हाळ्यात आमच्या तालुक्याचा पारा म्हणून जो आकडा पेपरात येत आला तो यवतमाळचा. आता यवतमाळ हे साठ-सत्तर किलोमीटर दूर, आणि पठारावर, सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले. आमचा भाग तिथून उतरून खाली आलेला. उंचीवर हवा थोडी थंड असते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे आमच्या नावावर खपलेला आकडा सावलीचा तर खराच, पण ती सावलीही आमची नाही.

ज्यांनी ती पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने ती १८६० च्या दशकात काढली. हा माणूस दीपगृहे बांधणारा. इंग्रजी कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. चार पायांवर उभी, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, झिलमिलीच्या दुहेरी भिंती, दुहेरी छत, सगळीकडून पांढरा रंग. वारा आत जावा, ऊन जाऊ नये. दार उत्तरेकडे, म्हणजे आकडा पाहायला दार उघडले तरी सूर्य आत डोकावणार नाही. आत चार तापमापक. दोन उभे : एक कोरडा, एक ओला. दोन आडवे : एक कमाल, एक किमान.

कमाल तापमापकात पारा असतो आणि फुग्याजवळ नळी मुद्दाम चिंचोळी केलेली असते. हवा तापली की पारा ती अडचण ओलांडून पुढे सरकतो. हवा निवली की पाऱ्याची दोरी तिथे तुटते आणि पुढे गेलेला पारा गेला तिथेच राहतो. किमान तापमापकात मद्यार्क असतो आणि त्यात डंबेलच्या आकाराची काचेची बारीक कांडी. मद्यार्क आकसताना कांडीला मागे ओढतो, पसरताना तिला तशीच सोडून पुढे निघून जातो. निरीक्षक सकाळी साडेआठला येतो, संध्याकाळी साडेपाचला येतो, आकडे वहीत उतरवतो, कमालचा पारा झटकून खाली आणतो, कांडी जागेवर बसवतो आणि पेटी बंद करतो.

यातली खुबी ध्यानात घ्या. दिवसाचे सर्वांत जास्त तापमान साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते. त्या वेळी तिथे कोणी उभे असण्याची गरज नाही. कमाल तापमानाची नोंद करायला कमाल उन्हात माणूस लागू नये, यासाठीच ते यंत्र आहे. बुद्धीची कमाल आहे, यात शंका नाही. पण दुपारी तीन वाजता वावरात जी बाई उभी होती, तिने जे पाहिले त्याची नोंद कोणत्या वहीत झाली?

ओल्या तापमापकाविषयी एक गोष्ट राहिली. त्याच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळलेले असते आणि त्याची वात स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. हे फडके कधी कोरडे पडू द्यायचे नाही, असा नियम आहे. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला २० मार्च १९२७ चे महाड आठवले. मनात आले ते सांगितले. त्यात तापमापकाचा काही दोष नाही.

आता वहीचा इतिहास. मुंबईत कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. हवामानाची नियमित निरीक्षणे तिथे १८४१ पासून सुरू झाली. या वेधशाळेशी मराठी माणसांचा संबंध जुना आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचा कारभार पाहिला होता आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी विशीच्या आतच तिथे नोकरी धरून निरीक्षणाचे काम केले. केरोपंतांची गणिती बुद्धी मोठी होती, हे मान्य करण्यात आपला काही तोटा नाही. परंतु त्याच पिढीत आणखी काय चालले होते तेही शेजारी मांडून पाहिले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला; त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला आणि सरकारनेही हात वर केले. म्हणजे ज्या काळात कुलाब्याला पारा किती चढला हे नेमाने वहीत उतरत होते, त्या काळात त्या आकड्यांची ओळख करून घेण्याची वाट एका मुलासाठी सरकारच्या संमतीने बंद होती. वेध घेणारा कोण आणि तळपणारा कोण, ही वाटणी यंत्राने केलेली नाही. ती आधीच झालेली होती.

आपल्याकडे तापमान मोजण्याची गरज कोणाला पडली? इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. उष्णता मोजली गेली ती बरीचशी गोऱ्या सैनिकासाठी. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या वाढली आणि लढाईपेक्षा रोगाने अधिक शिपाई मरतात, ही जुनी डोकेदुखी पुन्हा वर आली. लष्कराच्या आरोग्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. छावणी कुठे वसवायची, बराकीचे छत किती उंच ठेवायचे, हे ठरवायला हवेचे आकडे हवे होते. पुढे प्रांतोप्रांतीचे हवामानाचे काम कित्येक ठिकाणी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडेच गेले. म्हणजे उष्णतेचा आणि शरीराचा संबंध सरकारला ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये. चांगला ठाऊक होता. शरीर कोणाचे, एवढाच प्रश्न होता.

पाऊस मोजला गेला तो साऱ्यासाठी. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या काळ्या जमिनीकडे वळले. वऱ्हाड-मध्यप्रांतासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. आमच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी जिल्हा होते. यवतमाळ हे नाव १९०५ साली पडले. पीक किती येईल, सारा किती बसेल, किती सोडावा लागेल, या सगळ्याचा आधार पाऊस. म्हणून पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीपर्यंत आला. तिथला कारकून रोज सकाळी नरसाळे काढतो, मोजपात्रात पाणी ओततो आणि आकडा लिहितो. तापमापक मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी थांबला. पाऊस तालुक्यागणिक मोजायचा आणि ऊन जिल्ह्यात एखाद्या जागी मोजायचे, ही रीत तेव्हा पडली आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके तीच चालली. पावसाने शेतमालकाचे पीक बुडते, सरकारचा सारा बुडतो. उन्हाने रोजमजुराचा एक दिवस बुडतो, फार झाले तर एक मजूर जातो. त्याच्या जागी दुसरा मिळतो.

हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, त्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१ साली हुकलेला पाऊस होता. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख. १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ झाला, १८८० च्या दुष्काळ आयोगाने हवामानाच्या नोंदीवर भर दिला आणि १८८६ मध्ये ब्लॅनफर्डने मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज दिला. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या खात्याचे मुख्य ठाणे बरीच वर्षे सिमल्याला होते. साऱ्या देशाच्या उन्हाचे आकडे तारेने, टपालाने डोंगरावर चढायचे आणि थंड हवेत बसून त्यांची बेरीज व्हायची. १९२८ साली ठाणे पुण्याला आले, तरी त्या इमारतीला लोक 'सिमला ऑफिस' असेच म्हणत राहिले आणि शिवाजीनगरला ते नाव अजून आहे. वऱ्हाडच्या साहेबांसाठी चिखलदरा होते, मध्यप्रांताच्या साहेबांसाठी पचमढी. उन्हापासून दूर जाता येणे ही सत्ता आहे. उन्हाची नोंद ठेवणाऱ्यालाही ती होती.

साहेबाच्या आधीचे काय? इथे आपल्यातले काही मित्र थांबतात आणि सगळे माप इंग्रजाच्या पदरात घालून मोकळे होतात. तसे करता येणार नाही. पेशवाईतल्या पुण्याबद्दल डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी आपल्या जातिसंस्थेवरील ग्रंथात एक गोष्ट नोंदवली आहे. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती. कारण त्या वेळी सूर्य तिरपा असतो, सावली लांब पडते आणि ती सवर्णाच्या अंगावर पडली तर तो विटाळतो. ही हकिकत आपण सगळ्यांनी भाषणात ऐकली आहे आणि स्वतःही सांगितली आहे. मीही वर्गात दरवर्षी सांगतो. पण तापमापकाच्या वेळापत्रकाशेजारी ती ठेवून पाहिली तेव्हा मला तिचा दुसरा अर्थ दिसला. नऊ ते तीन म्हणजे दिवसातला सूर्य चढता आणि माथ्यावर असण्याचा काळ. सकाळचा गारवा आणि संध्याकाळची झुळूक सवर्णांसाठी राखीव, आणि अस्पृश्याने शहरात यायचे ते नेमके भर उन्हात. सावली आखूड असते तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते. हा भूगोल आहे. म्हणजे विटाळाच्या नियमाने माणसाच्या वाट्याला तापमानही ठरवून दिले होते. कोणाला किती ऊन लागावे याचे वेळापत्रक हवामान खाते निघण्याच्या कितीतरी आधी इथे तयार होते.

आणि पाय. पेटीतला तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच असतो. हवामान खात्याला स्वतःला हे ठाऊक होते की जमिनीलगतचे जग वेगळे आहे. शेतीसाठी १९३२ साली पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. त्यांनी जमिनीवरच्या वितीवितीची हवा मोजली. निरभ्र शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती जमिनीच्या थोडी वर असते, असे त्यांना आढळले. त्या थराला आज जगभर 'रामदास थर' म्हणतात. काळ्या उघड्या जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात दुपारी साठ अंशांच्या वर जातो, हेही अशाच मोजण्यांतून कळले. पेटीत चव्वेचाळीस अंश असताना पायाखाली साठ! रामदासांच्या विभागाचे हे काम पिकाच्या मुळांसाठी होते, त्यासाठी त्यांना दोष द्यायचा नाही. पण ज्या गावांत आमच्या माणसांना पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत होत्या, त्या गावांतली मुळे कोणती आणि पाय कोणते? आजी सांगते, तिच्या लहानपणी चपला हातात घ्याव्या लागत असत असेही नाही, चपला नव्हत्याच. पळसाची पाने पायाला बांधून त्या मोहफुले वेचायला जात. पाने वाळून फाटली की सावली दिसेल तिथे पळत जाऊन उभे राहायचे. तिच्याकडे उन्हाची मोजमापे आहेत आणि ती मला आता पाठ झाली आहेत. कावळ्याची चोच उघडी राहिली की एक. खुनी नदीच्या रेतीत पाय ठेववत नाही तेव्हा दुसरे. लोखंडी घमेल्याला फडक्याशिवाय हात लावता येत नाही तेव्हा तिसरे. नवतप्यात घाम यायचा बंद होतो आणि कानात सूं सूं वाजते तेव्हा माणसाने काम टाकून द्यावे, "मंग मुकडदम काई म्हनो." घाम बंद होणे हे उष्माघाताचे लक्षण आहे, हे मला पुस्तकातून समजले. तिला ते खडी फोडताना, शेजारच्या बाईकडे पाहून समजले होते.

माझ्या शाळेत व्हरांड्यात एक कमाल-किमान तापमापक टांगलेला होता, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेल्या नळीचा. आकडे लिहायला एक वही होती आणि आळीपाळीने मुलांची नेमणूक होत असे. माझी पाळी कधी आली नाही. ज्याच्या घरी घड्याळ आहे त्यालाच हे काम देता येते, असे आमच्या सरांचे मत होते. त्यांचा हेतू वाईट असेल असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आज त्याचा राग धरण्यातही अर्थ नाही. पुढे दहावीच्या वर्षी मी ती वही उघडून पाहिली. जून ते एप्रिलपर्यंत पाने आकड्यांनी भरलेली, मेची पाने कोरी. मे महिन्यात शाळेला सुट्टी. ज्या महिन्यात खरी नोंद व्हायची त्या महिन्यात वही कपाटात आणि आम्ही तेंदूपत्त्याला. पहाटे चारला निघायचे, उन्हाआधी पाने तोडायची, मग भर दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, पुन्हा चारच्या उन्हात केंद्रावर नेऊन रांगेत उभे राहायचे. आमच्या पोरांच्या अंगावर मे महिना लिहिलेला असायचा. वहीत तो नव्हता.

यानंतर बरेच बदलले, ते सांगितले पाहिजे. २०१६-१७ पासून राज्य सरकारने एका खाजगी कंपनीकडून प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे उभारून घेतली. 'महावेध' हे त्या प्रकल्पाचे नाव. दोन हजारांहून अधिक केंद्रे. तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांनी तापमापक जिल्ह्याच्या ठिकाणाहून मंडळापर्यंत उतरला. का उतरला? पीकविम्यासाठी. विमा कंपनीला संत्र्याचा बहर किती अंशांवर गळतो ते पाहायचे आहे. याला माझा विरोध नाही, आमच्यातही आता दोन-चार एकरांचे मालक आहेत. पण संत्रा किती तापमानाला गळतो याचा कोष्टकात आकडा आहे आणि भरपाई आहे. संत्रा तोडणारी बाई किती तापमानाला खाली बसते याचा आकडा कोणत्या कोष्टकात आहे ते मला सापडलेले नाही.

हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या पाहा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वाढलेले हवे. किंवा सरळ ४५ अंशांवर गेलेले हवे. विदर्भात मेची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात. म्हणजे ४४ अंशांचा दिवस आमच्याकडे 'नेहमीसारखा' ठरतो. नेहमीच तापणाऱ्याला लाट लागत नाही! सवयीचे दुःख दुःखात धरायचे नाही, ही रीत आपल्याला नवी नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी पुरस्काराचा समारंभ झाला. उघड्या मैदानावर लाखो माणसे दुपारपर्यंत बसून होती, मंचावर छत होते. चौदा माणसे उष्माघाताने गेली. आसपासच्या केंद्रावर त्या दिवशीचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. सावलीतला पारा ३८, म्हणजे विदर्भाच्या माणसाने हसून सोडून द्यावा असा आकडा. पण किनाऱ्याची दमट हवा, डोक्यावर ऊन, खाली तापलेली जमीन आणि उठून जाता न येणे, हे काही त्या आकड्यात नव्हते. ज्या आकड्याने मंचावरच्या माणसाची स्थिती बरोबर सांगितली, त्याच आकड्याने मैदानावरच्या माणसाची चुकीची सांगितली.

मग उन्हातल्या माणसाचे तापमान मोजताच येत नाही काय? येते. अमेरिकेत १९५० च्या दशकात नौदलाच्या छावण्यांत कवायत करणारे जवान उष्माघाताने पडू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी एक माप काढले गेले. त्यात ओल्या तापमापकाला सत्तर टक्के वजन, कोरड्याला दहा आणि उरलेले वीस टक्के एका वेगळ्याच यंत्राला. हे यंत्र म्हणजे तांब्याचा पोकळ गोळा, बाहेरून काळा रंगवलेला, आत तापमापक. तो पेटीत ठेवत नाहीत, उघड्या उन्हात ठेवतात. तो तापतो आणि स्वतःचेच तापमान सांगतो. आजीचे म्हणणे विज्ञानाने सत्तर वर्षांपूर्वीच मान्य केलेले होते. माझे शिक्षणच अर्धे होते. गोरा शिपाई असो की अमेरिकी जवान, ज्याचे शरीर राज्याला लागते त्याच्यासाठी यंत्र निघते. कारखान्यातल्या मजुराचेही थोडेफार झाले, कारण तिथे चळवळ होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळातच आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेची तयारी झाली आणि १९४६ साली कायद्यात दुरुस्ती आली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात कामाच्या खोलीतले तापमान मजुराच्या प्रकृतीला सोसवेल असे ठेवण्याची सक्ती होती. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत काम करणाऱ्यापर्यंत ते कलम कागदावर तरी पोचले. फाटकाबाहेर, ज्या वावरात तो कापूस वेचला गेला, तिथे 'कामाची खोली'च नाही. छत नाही म्हणून कलमही नाही.

जाता जाता आपल्याच अंगणातली एक गोष्ट. आपल्या कवितेत सूर्य फार आला. तो क्रांतीचा झाला, बाबासाहेबांचा झाला, काळोखावर चालून जाणारा झाला. आणि तो तसा व्हायलाच हवा होता. पण त्या सूर्याखाली निंदण करणाऱ्या बाईच्या पाठीवरचे ऊन आत्मकथनांत जेवढे उतरले तेवढे आपल्या इतिहासलेखनात उतरले नाही. आपण पाणवठ्याचा इतिहास लिहिला, देवळाचा लिहिला, शाळेचा लिहिला. उन्हाचा लिहिलेला नाही. सावली कोणाच्या मालकीची होती? गावाच्या पारावरचा पिंपळ कोणाचा, वावरातल्या आंब्याखाली न्याहारीला कोण बसायचे आणि कोणी धुऱ्यावर उन्हात भाकर खायची? अजून साठी-सत्तरीची माणसे हे सांगायला आहेत. मजुराचे ऊन जातीचे आणि बाईचेही आहे. कोलाम, गोंड, आपण, सगळे त्यात आहोत, हेही मला आपल्या कार्यकर्त्यांशी बोलायचे आहे, कारण तालुक्यात आपले मोर्चे वेगळे आणि त्यांचे वेगळे निघतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या सात-आठ मुलामुलींनी एक वही घातली. एक साधा कमाल-किमान तापमापक विकत आणला आणि झिलमिलीची पेटी आमच्या वाडीतल्या सुताराने करून दिली. दार उत्तरेकडे आहे. दुसरा तापमापक पत्र्याच्या काळ्या रंगवलेल्या डब्यात बसवून उन्हात टांगला. त्याचे आकडे मी इथे छापत नाही, कारण डबा तो डबाच, प्रमाणित गोळा नव्हे, आणि चुकीच्या आकड्याची काय गत होते ते नागपूरच्या छप्पन अंशांनी दाखवले आहे. मात्र वहीचे रकाने सांगतो : तारीख. पेटीतले कमाल. पेटीतले किमान. डब्यातले, दुपारी तीन वाजता, समोर उभे राहून. त्या दिवशी घरातले कोण कामाला गेले, काय काम, कुठे, किती वाजेपर्यंत. पाणी कुठले. सावली होती का, कशाची. मजुरी. कोणाला भोवळ आली का.

मेची एकतीसही पाने भरली आहेत. १९ मेच्या पानावर दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने 'सावली होती का, कशाची' या रकान्यात लिहिले आहे : 'ट्रॅक्टरची, तो उभा होता तोवर.'